धुळ्याच्या डॉक्टरांचा ठिपका

आकड्यांच्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. माझ्या नवऱ्यालाही वाटायचं. "दिवसभर स्क्रीनकडे बघतेस, तुला कसले आलेत किस्से?" पण आमच्याकडे किस्से जमवावे लागत नाहीत. एक सांगून संपायच्या आत दुसरा फोनवर येऊन उभा असतो. त्यातले निम्मे तर एकाच माणसाचे आहेत. आज तेवढेच सांगते.

मी डॉक्टर. पिंप्राळ्यात काही वर्षं दवाखाना चालवला, मग सरकारी आरोग्य विमा योजनेच्या जळगावच्या ऑफिसात नोकरी धरली. रेशनकार्डावर ज्यांचे उपचार मोफत होतात, त्यांची माहिती हॉस्पिटलवाले कम्प्युटरवर भरतात. पेशंट कुठला, त्याला काय झालं, काय केलं, घरी कधी गेला. ती माहिती आम्ही वाचायची. आम्हाला पेशंट दिसत नाही, पेशंटची ओळ दिसते.

आम्ही तिघं. मी, आमचे बोरसे साहेब आणि वैशाली. वैशाली स्टॅटिस्टिक्स शिकून पुण्याहून आलेली. इथलं ऊन आणि इथली शेवभाजी, दोन्ही तिला नवीन.

एक दिवस साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. स्क्रीनवर एक आलेख होता. उत्तर महाराष्ट्रातला योजनेतला प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञ म्हणजे एक ठिपका. सगळे ठिपके मधे घोळक्यानं बसलेले आणि एक लांब, कोपऱ्यात, एकटाच.

"हे धुळ्याचे डॉक्टर विश्राम गवळे," साहेब म्हणाले. "अँजिओग्राफी भरपूर करतात, पण स्टेंट फार कमी टाकतात. हृदयाच्या झडपांचे पेशंट यांच्याकडे सगळ्यांत जास्त. मृत्यूही इतरांपेक्षा जास्त. हा माणूस एक तर फार चांगला आहे, नाहीतर फार हुशार! कोणता, ते बघा. पण चौकशी करायला जाऊ नका, समजून घ्यायला जा."

तर आम्ही निघालो समजून घ्यायला.

*

धुळ्यात गवळे डॉक्टर आमच्यासमोर बसले तेच घड्याळ काढून. उंच, आडवा माणूस, आवाज खणखणीत. ओपीडीबाहेर बाकांवर जागा नव्हती आणि त्यात आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन!

"माझ्याबद्दल मला न विचारता कम्प्युटरला विचारलंत?" त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

मी म्हटलं, "आधी त्याला विचारलं, आता तुम्हाला विचारायला आलोय."

"दाखवा, काय म्हणतो तो."

वैशालीनं आलेख पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनला नाक लावलं आणि कोपऱ्यातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा मी?"

"हो सर."

मला वाटलं, आता चिडतात.

"जरा जाड करा हो याला," ते म्हणाले. "मी एवढा बारीक नाही!"

त्या दिवशी तेवढंच झालं. पण जाताना म्हणाले, "या परत. मलाही कळू दे मी कोपऱ्यात का बसलोय."

*

सुरुवात आम्ही मृत्यूंपासून केली. तेच सगळ्यांत गंभीर होतं.

यादीतलं एक नाव होतं पहूरच्या एका बाईंचं. पत्ता जळगाव जिल्ह्यातला आणि उपचार धुळ्याला, म्हणून वैशालीच्या नजरेत भरलं. जळगावहून जवळचं गाव. घरच्यांना भेटावं, काय झालं होतं ते हळूच विचारावं, म्हणून एका सकाळी आम्ही दोघी गेलो.

दार उघडं होतं. ओट्यावर एक म्हातारी गहू निवडत बसलेली. मी चपला बाजूला काढल्या, आवाज खाली आणला आणि नाव घेऊन म्हटलं, "अक्का, त्यांच्या घरचं कुणी आहे का?"

"मीच ती."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. शेवटी जे खरं होतं ते सांगितलं, की आमच्या कम्प्युटरमध्ये तुम्ही गेल्याचं लिहिलंय.

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "मी मेली? कव्हा मेली?"

धुळ्यात दिलेल्या लेकीकडे गेली असताना तिच्या छातीत दुखलं होतं. गवळे डॉक्टरांनी बघितलं, औषधं दिली, ती चालत घरी आली. हॉस्पिटलात योजनेच्या टेबलावर बसणाऱ्याचं बोट 'घरी सोडले' या ओळीऐवजी खालच्या ओळीवर पडलं होतं. बस, एवढंच!

पण त्यानंतर तिचा मोतीबिंदू पिकला, तेव्हा डोळ्यांच्या दवाखान्यातून तिला परत पाठवलं. कार्ड चालत नाही म्हणाले. का, ते कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून ती जवळजवळ अंधारात चाचपडत होती. गहूसुद्धा बोटांनीच निवडत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी म्हटलं, "आम्ही दुरुस्त करून देतो, अक्का."

ती उठली, भिंतीला हात लावत चुलीकडे गेली आणि आतून ओरडली, "मेलेल्या बाईच्या हातचा च्या चालंल ना तुमाले?"

चहा झकास होता.

दुरुस्तीची गंमत पुढे कळली. कम्प्युटरमध्ये माणसाला मारायला एक क्लिक पुरते. जिवंत करायला सगळ्या साहेबांच्या सह्या लागतात! बोरसे साहेबांनी स्वतः फायलीच्या मागे लागून त्या मिळवल्या. अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. गवळे डॉक्टरांना फोन करून सांगितलं, "सर, तुमचा एक मृत्यू कमी झाला."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बाकीचे मात्र खरे आहेत, मॅडम. ते बघा."

*

आता स्टेंटचं. आमच्याकडे त्यांच्याविरुद्ध एक तक्रार आली होती आणि साहेबांनी ती नेमकी माझ्या टेबलावर ठेवली. वर ठळक अक्षरात विषय लिहिला होता, 'डॉक्टरांनी केलेला भेदभाव'.

मी सावध झाले. भेदभाव म्हटलं की प्रकरण साधं नसतं. तक्रारदार धुळे तालुक्यातले एक आबा. मी त्यांना धुळ्याला बोलावून घेतलं आणि वैशालीला घेऊन तिथे गेले. टोपी, स्वच्छ धोतर, हातात काठी. पण काठी टेकत नव्हते, उगारत होते.

"काय भेदभाव झाला, आबा?"

"बाजूवालाले दोन स्प्रिंगा टाक्यात. माले एक बी नही! बठ्ठा गावले माहीत शे. हाऊ काय न्याय शे?"

आमच्याकडे स्टेंटला स्प्रिंग म्हणतात. आबा आणि त्यांचा शेजारी यांचं बांधावरून जुनं वाकडं. शेजाऱ्याला अटॅक आला, त्याला दोन स्प्रिंगा बसल्या आणि तो गावभर सांगत सुटला, की सरकारनं माझ्यासाठी केवढं केलं! पाठोपाठ आबांच्याही छातीत दुखायला लागलं. अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टरांनी त्यांना नुसत्या गोळ्या देऊन परत पाठवलं. गावात मान राहिला का काही?

मी गवळे डॉक्टरांना बोलावलं. ते आले, आबांच्या शेजारी बसले.

"आबा, तुमच्या नळ्या साफ शेतस. जवान पोऱ्याच्या असतात तशा. त्याच्या बुजल्या होत्या."

आबांनी काठी खाली घेतली. "म्हंजे माझं काळीज त्याच्यापेक्षा चांगलं?"

"कितीतरी!"

"मंग तसं लिही द्या."

डॉक्टरांनी रिपोर्टची एक प्रत काढून दिली. आबांनी तक्रार तिथल्या तिथे मागे घेतली. नंतर कळलं, त्यांनी तो रिपोर्ट फ्रेम करून ओट्यावर लावलाय. शेजाऱ्याला येता-जाता दिसेल असा!

आबा गेल्यावर मी विचारलं, "पण सर, एवढ्या अँजिओग्राफी आणि एवढे कमी स्टेंट. बाकीच्यांचं असं दिसत नाही."

तेव्हा ते गंभीर झाले. "मॅडम, स्टेंट टाकला की तुमच्याकडे नोंद होते. गोळी लिहून दिली की होत नाही. योजनेत गोळीला पॅकेजच नाही, म्हणजे तिचे पैसेच ठरलेले नाहीत. मी ज्याला अर्धा तास समजावून, बिडी सोडायला लावून, गोळ्या देऊन घरी पाठवतो, तो पेशंट तुमच्या कम्प्युटरात मी वाया घालवलेली अँजिओग्राफी म्हणून दिसतो."

वैशालीनं लॅपटॉप बंद केला. परतीच्या एसटीत पारोळ्याला तिनं तो पुन्हा उघडला. मग म्हणाली, "मॅडम, आपण जे मोजतो, ते त्यांचं काम नाहीये. ते त्यांच्या कामातलं आपल्याला दिसणारं तेवढं आहे."

*

वैशालीचा पुढचा शोध एकदम शास्त्रीय होता. ती सकाळी सकाळी माझ्या टेबलाशी आली. "यांच्या हॉस्पिटलात महिन्यातून एकदा काम एकदम खाली जातं. दर महिन्याला. पण तारीख ठरलेली नाही, सरकत जाते. मशीनचं सर्व्हिसिंग असेल का?"

मी धुळ्याला फोन लावला. डॉक्टर दोन पेशंटच्या मधे होते. प्रश्न ऐकून म्हणाले, "अमावास्या."

"काय?"

"अमावास्येला कोण ॲडमिट होणार? पितृपक्षाचं बघितलंत का? तेव्हा तर आम्ही माश्या मारतो. मी मानत नाही यातलं काही, पण पेशंट मानतात ना!"

वैशालीनं लगेच ताडून बघितलं. अगदी बरोबर! ठरवून होणाऱ्या अँजिओग्राफी अमावास्येला जवळजवळ बंद. इमर्जन्सी मात्र तेवढ्याच. मी हे डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, "ज्याला अटॅक येतो, तो पंचांग बघून येत नाही. बाकीचे बघूनच येतात!"

वैशालीनं रिपोर्टमध्ये 'चांद्र चक्राशी निगडित मासिक घट' असं लिहिलं. बोरसे साहेबांनी ते खोडून 'अमावास्या' केलं.

*

हा किस्सा हसण्यासारखा नाही, पण त्याच्याशिवाय बाकीचे कळणार नाहीत.

मृत्यू जास्त का, याचं उत्तर मिळत नव्हतं. मग वैशालीच्या लक्षात आलं, की गवळे डॉक्टरांकडे येणारे बरेच अटॅकचे पेशंट फार उशिरा येतात. दुखणं आज सुरू झालेलं, ॲडमिट उद्या. अटॅकमध्ये जेवढा उशीर तेवढं हृदय मरत जातं, हे कुणालाही माहीत आहे. आणि पत्ते तर जवळचे! शिंदखेडा तालुका, नरडाण्याच्या आसपासची गावं. तिथून धुळ्याला यायला एवढा वेळ लागतोच कसा?

साहेबांना संशय आला, की मधे कुठला तरी दवाखाना पेशंट अडकवून ठेवतोय.

आम्ही त्यातल्या एका गावी गेलो. घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "ते तर उधनाले ऱ्हातस. लूमवर. आठे नुसतं कुलूप ऱ्हास."

दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्या घरातही तेच. उधना म्हणजे सुरत! माणसं सुरतेला, कपड्याच्या लूमवर. रेशनकार्ड इकडे, गावात. आणि आमच्या कम्प्युटरात पत्ता रेशनकार्डाचा.

हॉस्पिटलात सुनंदाबाई नावाच्या एकीला भेटलो. तिचा नवरा रमेश अतिदक्षता विभागात होता. तो लूमवर असतानाच छातीत कळ आली, घामानं चिंब झाला. तिनं त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, तर तिथे त्यांनी आधी भरायचा आकडा सांगितला. महाराष्ट्राचं कार्ड तिथे चालत नव्हतं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. मी म्हनलं, श्वास चाली ऱ्हायना ना, मंग निंघूत घर. भुसावळ गाडी धरी."

अटॅक आलेल्या माणसाला तिनं पॅसेंजर गाडीच्या जनरल डब्यात बसवलं. बसायला जागा नव्हती. तिनं सगळ्यांना सांगितलं, याला उलट्या होतायत, तेव्हा कुठे लोक सरकले. अख्ख्या वाटेत ती त्याच्याशी बोलत राहिली. त्यानं डोळे मिटले, की चिमटा काढायची. नरडाण्याला उतरवून पिकअपनं धुळ्याला आणलं.

"भ्याव नही वाटनं?"

"वाटनं ना. पन भ्यायले टाइम कोठे व्हता?"

डॉक्टर गवळे बाहेर आले. रमेश वाचला होता, पण हृदयाचा मोठा भाग गेला होता. लूमवरचं काम आता जमणार नव्हतं. सुनंदाबाईंना ते त्यांनीच सांगितलं, तिच्याच बोलीत, खाली बसून. तिनं फक्त एवढंच विचारलं, "पन घर राही ना तो?"

"राही."

"मंग बठ्ठं व्हई."

आमच्याकडे वळून डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बाकीच्या डॉक्टरांचं काम पेशंट गेटवर आला की सुरू होतं. माझी इमर्जन्सी उधन्यापासून सुरू होते. मोजताना ते अंतर धरा."

आम्ही धरलं. सुरतेहून आलेले वेगळे काढले आणि बाकीचे मोजले, तर मृत्यूचा तो फरक जवळपास उरलाच नाही. त्या रिपोर्टमुळे अजून काय झालं? सुरतेतल्या दोन-तीन मोठ्या वस्त्यांमध्ये गवळे डॉक्टरांनी आपल्याच जुन्या पेशंटना हाताशी धरलं. छातीत कळ आली, की आधी या जुन्या पेशंटना फोन, मग तिथल्या सरकारी दवाखान्यात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, आणि त्यानंतरच गाडी. सगळे ऐकतात असं नाही. पण काही ऐकतात.

*

आता डॉक्टरांची बाजू फार झाली. एकदा आकडे बरोबर होते आणि डॉक्टर चुकले होते, तेही सांगते.

झडपांचे पेशंट त्यांच्याकडे जास्त का, हे सोपं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये लहानपणीच्या सांधेदुखीच्या तापानं हृदयाच्या झडपा खराब होतात. त्यात बाया जास्त. कृत्रिम झडप बसवायला नाशिकहून सर्जन येत. आधीचं आणि नंतरचं सगळं गवळे बघत. झडप बसली, की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची आणि रक्त तपासत राहायचं.

मी विचारलं, "यांच्यातल्या पुष्कळ जणी परत दिसत नाहीत."

"ठीक असतील," ते म्हणाले. "त्रास असता तर आल्या असत्या. न आलेला पेशंट बरा असतो, असा माझा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे."

वैशालीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी म्हटलं, "बोल."

"सर, त्या आल्यात. तुमच्याकडे नाही, दुसऱ्या हॉस्पिटलांत." तिनं नावं जुळवून काढली होती. कुणी शिरपूरला ॲडमिट, कुणी जळगावला. कुणाला लकवा, कुणाच्या पोटात रक्तस्राव.

ते आधी भांडले. नावं सारखी असतात म्हणाले, तुमचा कम्प्युटर जिवंत बाईला मारतो म्हणाले. तेही खरंच होतं! वैशाली एकेक नाव वाचत राहिली. एका नावापाशी त्यांनी हात वर केला.

"हे परत वाचा."

तिनं वाचलं. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, पायथ्याच्या एका पाड्यावरची. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं.

"हिच्या लग्नाला मी गेलो होतो," ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर नर्सनं दोनदा दार वाजवलं, त्यांनी उघडलं नाही.

ते स्वतः तिच्या पाड्यावर जाऊन आले. गोळ्या संपल्या होत्या. तपासणी शहरातच होते आणि तिथे यायचं म्हणजे मजुरीचा दिवस जातो, दोन गाड्या बदलायच्या, सोबत कुणीतरी लागतं. बरी होती, म्हणून आलीच नाही. म्हणजे डॉक्टर म्हणत होते तेच तिलाही वाटलं होतं.

त्यानंतर त्यांनी एक केलं. पायथ्याच्या बाजाराच्या गावी दर बुधवारी बसायला सुरुवात केली. बुधवारी बाजार असतो, तेव्हा वरच्या पाड्यांवरची माणसं तशीही खाली येतात. शाळेची एक खोली, रक्त तपासायचं हातातलं छोटं मशीन आणि गोळ्यांची पेटी. टोमॅटो घ्यायला आलेल्या बाया बोट पुढे करून रक्त देतात, गोळी घेतात आणि बाजाराला जातात.

आम्ही खूश. पुढच्या तिमाहीत वैशालीच्या यादीत लकव्याचं एकही नवीन नाव नव्हतं.

आणि त्याच तिमाहीत वरच्या ऑफिसच्या कम्प्युटरमधून आपोआप निघणारा इशारा बोरसे साहेबांच्या मेलवर आला. 'डॉ. विश्राम गवळे. संशयास्पद नोंद. दर बुधवारी हॉस्पिटलमधील काम पूर्ण बंद. कारण कळवा!'

साहेबांनी तो मोठ्यानं वाचला, आम्हा दोघींकडे बघितलं आणि विचारलं, "मग, चांगला की हुशार? काय लिहू?"

वैशाली म्हणाली, "एकटा आहे, सर. सुरतेचे यांच्याकडे येतात, पायथ्याचे यांच्याकडे येतात, बाकी कुणाकडे जात नाहीत. म्हणून ठिपका कोपऱ्यात दिसतो."

साहेबांनी तसंच लिहिलं.

*

शेवटचा सांगते. हा माझ्यासमोर झाला.

एका सकाळी धुळ्याहून उपचाराच्या मंजुरीसाठी अर्ज आला. पायथ्याच्या गावातली रमिला नावाची बाई, दोन लहान मुलांची आई, कृत्रिम झडप बसवलेली. झडपेवर गुठळी झाल्याचा संशय. अर्जात रुग्णाची तक्रार लिहायची जागा असते. तिथे गवळे डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'रुग्णाची तक्रार नाही. सासूची तक्रार : आवाज बदलला.'

मंजुरीच्या डेस्कवरून लगेच उलटा प्रश्न आला. 'कृपया रुग्णाची तक्रार लिहावी, नातेवाइकांची नको.'

डॉक्टरांनी उत्तर दिलं, 'रुग्ण म्हणते, मला काही झालेलं नाही, सासू उगाच घेऊन आली.'

पुन्हा प्रश्न. 'मग ॲडमिट करण्याचे कारण?'

पुन्हा उत्तर. 'सासू.'

मग डेस्कवाल्यांनी मला फोन केला. तुमच्या जिल्ह्याशेजारचं आहे, तुमचे ओळखीचे डॉक्टर आहेत, बघा काय प्रकार आहे. त्या दिवशी मी दुसऱ्या कामानं धुळ्यातच होते. सरळ वॉर्डात गेले.

रमिला कॉटवर मांडी घालून बसलेली, चांगली ठणठणीत, चिडलेली. शेजारी खाली फरशीवर सासू, नऊवारीचा काष्टा, हातात चांदीची जाड कडी. कृत्रिम झडप दर ठोक्याला बारीक टिकटिक करते. शांत जागी शेजारच्या माणसाला ऐकू येते. दुपारी अंगणात दोघी एकमेकींना टेकून बसल्या, की सासूला ती ऐकू यायची.

"टिकटिक मोठी व्हती," सासू मला म्हणाली. "आते दबी गयी. मी इले म्हनलं, चाल. ही म्हने, माले काय व्हयनं नही. मी म्हनलं, तुले नही व्हयनं, पन माले ऐकू येस नही ना!"

दोन बस बदलून तिनं सुनेला आणलं होतं. मुलगा उसाच्या तोडणीला गेलेला. नातवंडं शेजारणीकडे ठेवलेली. रस्त्यात सून दोनदा उतरून परत जायला निघाली, दोन्ही वेळा हिनं पदर धरून मागे ओढली.

डॉक्टरांनी मला आतल्या खोलीत नेऊन तपासणी दाखवली. झडपेची दोन पानं असतात, दारासारखी उघडझाप करणारी. एक उघडत होतं. दुसरं जागेवर अडकलेलं.

"श्वासाचा त्रास अजून सुरू झालेला नाही," ते म्हणाले. "होईल तेव्हा फार वेळ मिळणार नाही."

मी तिथूनच डेस्कला फोन लावला. त्यांनी पुन्हा विचारलं, "पण मॅडम, तक्रार काय लिहू?"

"सासूचीच लिहा," मी म्हटलं.

मंजुरी आली. गुठळी विरघळवायचं औषध सुरू झालं. ते चालू असताना धोका असतो, गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊ शकतो. हे डॉक्टरांनी सासूला स्पष्ट सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पाणीसुद्धा न पिता ती दाराबाहेर बसून राहिली. रमिलाही आता चिडलेली नव्हती. तिला दारातून सासूचं फक्त कडं दिसत होतं, ती तिकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा गेले. तपासणीत दोन्ही पानं हलताना दिसत होती. डॉक्टरांनी वॉर्डात येऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "अक्का, झालं सगळं! मशीनमधे एकदम चांगलं दिसतंय. आता काळजी नाही."

सासूनं मान हलवली, पण तिचा चेहरा काही सैल झाला नाही. ती उठली, पंख्याच्या बटणापाशी गेली आणि तिनं पंखा बंद केला. मग वॉर्डातल्या सगळ्यांकडे बघून तळहात वर केला, थांबा म्हणून. पलीकडच्या कॉटवरचा माणूस मोबाइलवर बोलत होता, त्यानं फोन खाली घेतला. नर्सनं ट्रॉली जागच्या जागी थांबवली. डॉक्टर अजून काहीतरी सांगणार होते, तेही गप्प झाले.

ती कॉटवर बसली आणि तिनं सुनेच्या छातीला कान लावला. डोळे मिटले.

रमिलानं श्वास धरला होता. सासूनं तिच्या पाठीवर थाप मारली, तसा सोडला.

बऱ्याच वेळानं म्हातारी सरळ झाली. पदर खोचला. कॉटखालची पिशवी ओढून बाहेर काढली.

"चाल वं," ती म्हणाली. "घर जाऊत."